पत्रा दबतो म्हणून गाडी कच्ची?

प्रश्न : आमच्या छोट्या गाडीचं वजन जेमतेम ९०० किलो. बोनेट अंगठ्यानं दाबलं तरी दबतं. पारोळ्याहून जळगावला रोज जाणं-येणं, बऱ्याचदा घरची मंडळी सोबत. पुढे लोखंडी गार्ड बसवावा का? मुळात एवढी हलकी गाडी टकरीत टिकेल अशी बनवता येते का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : गार्ड बसवू नका; बसवला असेल तर काढून टाका. बोनेट हे नुसतं झाकण. टकरीचा भार घेतात ते इंजिनाच्या दोन बाजूंचे पोलादी दांडे, आणि ते पेटीच्या भात्यासारख्या घड्या पडत दबावेत असेच घडवलेले असतात. ताशी ६४ किलोमीटरवर तुमच्या गाडीत सुमारे १४२ किलोज्यूल ऊर्जा असते. ती या घड्यांत जिरायला हवी. पुढचा भाग ६० सेंटीमीटर दबला तर गाडी सरासरी २७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट, इतक्या झटक्यानं थांबते. २० सेंटीमीटरच दबला, तर ८० जी! चेसिसला आवळलेला गार्ड हा भार भलत्याच जागी देतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडवतो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे.

माणसं बसतात तो पिंजरा मात्र दबता कामा नये. त्याच्या पिलरसाठी, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांसाठी, बऱ्याच नव्या गाड्यांत बोरॉन-पोलाद वापरतात. ते ९०० अंशांवर तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. ताकद येते सुमारे १५०० मेगापास्कल, साध्या पत्र्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून कमी वजनात काम भागतं. डेंटिंगवाल्यानं असा पिलर गॅसनं तापवून सरळ केला की ती ताकद गेलीच. दबलेला दांडाही ओढून सरळ करू नका, बदला.

पण वजनाचा फरक कुठलीच रचना पुसू शकत नाही. ९०० आणि १८०० किलोच्या गाड्या प्रत्येकी ५० च्या वेगानं समोरासमोर धडकून अडकल्या, तर हलकीच्या वेगात क्षणात ६७ चा बदल होतो, जडच्या ३३ चा. रस्त्याकडेला उभा केळीचा ट्रक तर याहून वाईट : गाडी फाळक्याखाली घुसते, दांड्यांना घडी पडायला काही लागतच नाही आणि फाळका थेट काचेवर येतो. अंधारात हेडलाइट पोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

नवी गाडी घेताना भारत एनकॅप या टक्कर-चाचणीत तिला मिळालेले सुरक्षेचे तारे बघाच. ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण ऐच्छिक आहे. मागच्या सीटवरही बेल्ट लावा, कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली हाडावर हवा.