डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवण्याच्या खेळात दोघांनी फायटरच (लढवय्याच) घेतला तर दोन्ही पात्रं सारखीच होतील ना?

अजिबात नाही. आमच्या सोलापूरच्या रविवारच्या खेळात पाचांपैकी दोघे फायटर आहेत आणि दोघांचं काही म्हणता काही जुळत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे पात्राच्या ताकद, चपळाई अशा सहा गुणांना वाटता येतात. १५ ताकदीला दिले तर तलवार-ढालवाला, चपळाईला दिले तर तिरंदाज. त्यावर फायटिंग स्टाइल, म्हणजे लढण्याची खास पद्धत, आहेच. तिसऱ्या लेव्हलला सबक्लास (फायटरचा उपप्रकार) आला की वाटा आणखी फुटतात.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बॅकग्राउंड, म्हणजे पात्र आधी काय करायचं ते. नवखे लोक घाईत 'सोल्जर' लिहून मोकळे होतात, तसं करू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या एका मित्राच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालायचा. त्याने 'गिल्ड आर्टिझन' (कारागीर संघातला कारागीर) घेतलं आणि अवजारं विणकराची. सोबत माणूस ओळखायचं आणि मन वळवायचं कौशल्य मिळालं. परवा त्याच्या फायटरने एका व्यापाऱ्याच्या अंगावरच्या शालीची वीण बघून ती चोरीची असल्याचं ओळखलं. तलवार उपसावीच लागली नाही!

तुम्ही दोघं आकडे वाटण्याआधी एकदा बसून बोला: लढाईत पुढे कोण उभं राहणार, आणि लढाई नसताना कोण काय करणार.