'आयनिक द्रव' की 'आयनिक द्रावण'?

उत्प्रेरणावरील (स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांच्या कार्यावरील) एका मराठी लेखात एकाच पदार्थासाठी 'आयनिक द्रावण', 'आयनिक द्रावक' आणि 'वितळलेले क्षार' असे तीन शब्दप्रयोग आले आहेत. त्यांपैकी बरोबर कोणता, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. माझे मत असे की, पदार्थाचे नाव म्हणून यांपैकी एकही न वापरता 'आयनिक द्रव' लिहावे.

'द्रावण' तर सरळच चुकीचे आहे. द्रावण म्हटले की त्यात एक द्राव्य (विरघळणारा पदार्थ) आणि एक द्रावक (विरघळवणारा पदार्थ) गृहीत असतो. मिठाच्या पाण्यात आयन म्हणजे विद्युतभारित कण असतात, पण ते पाण्यात विरघळलेले असतात. आयनिक द्रवात असे दुसरे काहीच नसते. धन आणि ऋण आयन हाच तो संपूर्ण द्रव. रसायनशास्त्रज्ञ पाउल वाल्डेन यांनी 1914 मध्ये वर्णन केलेले इथिलअमोनियम नायट्रेट सुमारे 12 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे पाण्याचा थेंबही न घालता ते आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला पातळच असते.

'वितळलेले क्षार' हे शास्त्रदृष्ट्या खोटे नाही, पण त्याने भट्टी डोळ्यांपुढे येते. साधे मीठ 801 अंशांना वितळते, तर आयनिक द्रव हे नाव रूढ संकेतानुसार 100 अंशांच्या आत वितळणाऱ्या पदार्थांपुरते राखलेले आहे. शिवाय अशाच पदार्थांना शालेय पुस्तकांत 'क्षार' आणि विश्वकोशात 'लवण' अशी दुहेरी परिभाषा असल्याने क्षार म्हणजे नेमके काय, हा घोटाळा होतोच.

खरा विचार करायला लावतो तो 'आयनिक द्रावक' हा शब्द, कारण हे द्रव पुष्कळदा द्रावक म्हणूनच वापरले जातात. फ्रान्समध्ये यीव्ह शोव्हँ (2005 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलचा उत्प्रेरक क्लोरोअॅल्युमिनेट (अॅल्युमिनियम व क्लोरीन असलेले ऋण आयन) प्रकारच्या आयनिक द्रवात विरघळवला. त्यात ब्युटीनचे रेणू जोडीजोडीने जुळतात आणि तयार झालेले ऑक्टीन त्या द्रवात फारसे मिसळत नसल्याने वर वेगळा थर धरते, त्यामुळे उत्प्रेरक खालच्या थरात राहून पुन्हा कामी येतो. येथे द्रव हा द्रावक आहे, यात शंका नाही. मात्र सॉल्ट लेक सिटीतील शेव्हरॉनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 2021 पासून हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या जागी जो आयनिक द्रव वापरला जातो, तो स्वतःच अल्किलीकरणाचा (लहान हायड्रोकार्बन रेणू जोडून पेट्रोलचे घटक बनवण्याच्या अभिक्रियेचा) उत्प्रेरक आहे.

बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने 2002 मध्ये सुरू केलेल्या प्रक्रियेत तर आयनिक द्रव बाहेरून घातलाच जात नाही. अल्कॉक्सिफेनिलफॉस्फीन ही फॉस्फरसयुक्त संयुगे बनवताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते बांधून ठेवण्यासाठी ट्रायइथिलअमाइन वापरले, तर घन लवणाचा घट्ट रबडा होऊन तो ढवळणे आणि गाळणे जिकिरीचे होते. त्याऐवजी मिथिलइमिडाझोल घातले की जे लवण तयार होते ते सुमारे 75 अंशांना वितळते, अभिक्रियेच्या तापमानाला पातळ राहते आणि तळाशी स्वच्छ थर धरते, तो नुसता काढून घेता येतो. याला द्रावक म्हणणे कठीण आहे. आणि सच्छिद्र सिलिकावर अशा द्रवाचा पातळ थर देऊन त्यात धातूचा उत्प्रेरक धरून ठेवतात, तेव्हा हाताला कोरडी पूड लागते आणि द्रव हा त्या पदार्थाच्या जडणघडणीचाच भाग झालेला असतो.

म्हणून नावात भूमिका गुंतवू नये. भूमिका सांगण्याचे काम मराठीत विभक्ती चोख करते. 'आयनिक द्रवात घडवलेली अभिक्रिया' म्हटले की तो द्रावक ठरतो, 'आयनिक द्रवाने उत्प्रेरित केलेली अभिक्रिया' म्हटले की उत्प्रेरक, आणि 'आयनिक द्रवाचा थर दिलेली सिलिका' म्हटले की घटक पदार्थ. 'आयनिक द्रवातील उत्प्रेरण' आणि 'आयनिक द्रवाद्वारे उत्प्रेरण' ही शीर्षके त्यामुळे अदलाबदल करून वापरता येणार नाहीत.

'आयनी द्रव' हे रूपही 'कार्बनी'च्या धर्तीवर शुद्धच आहे. परंतु 'आयनिक बंध', 'आयनिक संयुगे' हे शब्द विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेले असल्याने मी 'आयनिक'लाच पसंती देईन. 'द्रव' पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचनही 'द्रव'च होते, तेव्हा 'हे आयनिक द्रव वापरले' असे लिहावे, 'ही आयनिक द्रवे वापरली' असे नव्हे.