चिनी विद्यार्थ्याची चालढकल: आधी त्याला समोर बसवा

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडचा मास्टर्सचा चिनी विद्यार्थी प्रत्येक भेटीत ‘हो, करतो’ म्हणतो, प्रबंधाचं पान मात्र येत नाही, आणि आता ईमेललाही उत्तर नाही. इंग्लंडमध्ये पीएचडी करताना मी असेच वर्ग घ्यायचे, त्यामुळे हे फार ओळखीचं वाटलं.

वेळापत्रक, फोन बाजूला ठेवणं हे सांगत बसत नाही. त्यालाही ते ठाऊक आहे.

चीनच्या विद्यापीठांत मुलं बहुतेक चार वर्षं एकाच वर्गगटात काढतात. शिवाय फूदाओयुआन नावाचा माणूस असतो. साधारण 200 विद्यार्थ्यांमागे निदान एक असावा, असा सरकारी नियमच आहे. हजेरीपासून वसतिगृहापर्यंत सगळ्याची चौकशी तो करतो. इंग्लंडात वर्षभराचा कोर्स, शेवटी प्रबंधाची एकच तारीख, आणि मधले महिने कुणी विचारणारं नाही. त्यात कच्चं लिखाण गुरूला दाखवायचा संकोच. सगळेच असे नसतात, पण माझ्याकडे अडलेली बरीच मुलं इथेच अडली होती. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं की चालढकल म्हणजे नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका. मला ते पटतं. आळशी म्हणून मोकळं होऊ नका.

माझ्या एका विद्यार्थिनीचं खरं नुकसान केलं ते मुदतवाढीच्या कार्यालयाने. नाव घेत नाही. तिला रात्र-रात्र झोप नव्हती, छातीत धडधडायचं. त्यांना तारखेच्या आत डॉक्टरांचं पत्र हवं, आणि डॉक्टरांची वेळ त्यानंतरची. घरून आलेला दाखला चिनीत, म्हणून प्रमाणित भाषांतर आणा. प्रत्येक उत्तर तेच छापील, ‘डिअर स्टुडंट’. शेवटी तिने इनबॉक्स उघडणंच सोडलं. एकानेही फोन उचलून विचारलं नाही. मी विचारायला गेले, तर हे शिकवणाऱ्यांचं काम नव्हे म्हणून परत पाठवलं. पुन्हा सादर केलेल्या कामाला 50 च्या वर गुण मिळत नाहीत, तेवढ्यावर तिची बोळवण झाली. आजही राग येतो.

म्हणून माझं मत, आणि ते माझंच, मी समुपदेशक नाही: ईमेल थांबवा. वर्गानंतर गाठा, तुमच्या खोलीत तासभर बसवा आणि तिथेच वाईटातलं वाईट एक पान लिहून घ्या. मधे चिनी वाक्यं आली तरी चालतील. पुढची भेट तो उठायच्या आत ठरवा. मुदतवाढीचा अर्ज लागणार असेल तर तोही तुमच्यासमोरच भरून घ्या, कागद अपुरे असले तरी.

आणखी एक. तारीख जवळ आली की वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर निबंध लिहून देणाऱ्यांच्या जाहिराती येतात. इंग्लंडमध्ये 2022 च्या कायद्याने हा धंदा गुन्हा आहे, तरी तो बंद झालेला नाही. पैसे घेऊन हेच लोक नंतर विद्यापीठाला कळवायची धमकी देऊ शकतात. हे संशय न घेता, सगळ्या वर्गाला सांगा.

मुदतवाढ व्हिसाच्या तारखेपलीकडे जात असेल तर त्यावर तुम्ही काही बोलू नका, थेट विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराकडे न्या. नुसतं पाठवू नका, सोबत जा.