दुर्बिणीसाठी रिंगा किती उंचीच्या?

प्रश्न : लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या रायफलीवर ३४ मिमी नळीची, ५६ मिमी भिंगाची दुर्बीण बसवायची आहे. ती रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा कशा निवडाव्यात?

उत्तर : रिंगांचा व्यास ३४ मिमीच हवा, ३६ मिमीच्या रिंगेत पट्टी घालून भागवू नये. उंची ठरवताना भिंगाच्या व्यासावर न जाता पुढच्या घंटेचा (भिंग बसवलेल्या रुंद टोकाचा) बाहेरचा व्यास मोजावा. तो ६२ मिमी भरला आणि पिकाटिनी रेल (रिंगा बसवण्याची रायफलीवरची खाचांची पट्टी) घंटेखालपर्यंत गेली असेल, तर रेलच्या माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंतची उंची ३१ मिमीहून थोडी अधिक लागते. भिंगाचे झाकण बसवणार असाल तर त्याचीही जाडी धरावी. उगाच उंच रिंगा घेतल्यास गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. बसवताना रिंग रेलच्या खाचेत पुढे सरकवून मगच आवळावी आणि वरचे स्क्रू, निर्मात्याने वेगळे सांगितले नसल्यास, टॉर्क-पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) सुमारे २ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावेत.