विहीर नसलेल्या उताराच्या माळरानावर कोरडवाहू शेती कशी सुधारावी?

आपण विचारले आहे की, गडहिंग्लजच्या पूर्वेला चार एकर मुरमाड, उताराचे माळरान आहे, विहिरीला पाणी लागत नाही आणि पावसाने ओढ दिली की सोयाबीन माना टाकते; तर कर्ज न काढता काय करता येईल? माझी जमीन हातकणंगले तालुक्यात अशाच माळावर आहे, म्हणून अनुभवाचे तेवढेच सांगतो.

कोल्हापूर म्हटले की लोकांना ऊस आणि पंचगंगाच आठवते. पण गगनबावड्याकडून पूर्वेला यावे तसतसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो, आणि या पट्ट्यात जो पडतो तो रानातच मुरवावा लागतो. एका एकरावर २५ मिलिमीटरची एक सर म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. ते उताराने ओढ्याला गेले तर वरची कसदार मातीही सोबत जाते, आणि ती माती तयार व्हायला पिढ्या लागतात.

म्हणून सर्वांत आधी पेरणीची दिशा बदला; उताराच्या दिशेने नको, उताराला आडवी करा. पहिल्या वर्षी मी नजरेच्या अंदाजाने आडवी पेरणी केली, ओळी एका बाजूला कलल्या आणि जुलैच्या एकाच पावसात तिथे घळ पडली. त्यानंतर समपातळीची रेषा आखायला ए-फ्रेम केली. सात-आठ फुटांच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी द्यायची आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत असतात. तिथे खुंटी मारायची आणि एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. खुंट्यांच्या त्या रेषेला धरून कुरी (पेरणीचे औजार) चालवावी आणि पीक महिन्याचे झाले की दर चार ओळींनंतर एक मृत सरी (पीक नसलेला उथळ चर) काढावी. थोड्या पावसात ती पाणी धरते, जास्त पावसात वाफसा (मशागतीजोगी ओल) लवकर आणते.

दुसरे काम आच्छादनाचे. शेजारच्या बागायतीत उसाचे पाचट पेटवले जाते, हे पाहून मला फार वाईट वाटते. मागितले तर ते बहुधा फुकट मिळते. तुरीच्या ओळींत चार बोटे जाड पसरा. पंधरा दिवसांच्या उघडिपीनंतर ते बाजूला सारले तर खालची माती मुठीत दाबून गोळा होते, उघड्या जागेची मात्र भुकटी होते. शिवाय ते कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जमीन अधिक ओल धरते. पाचट पुरणार नाही तिथे कोळपणी चुकवू नका, कारण कोळप्याने भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही.

सोयाबीन एकटे घेऊ नका, सोबत तूर लावा. तिचे सोटमूळ खोल जाते आणि सोयाबीन निघाल्यावरही ती उरलेल्या ओलीवर उभी राहते. अगदी हलक्या तुकड्यात हुलगा किंवा मटकी बरी.

शेततळे मी शेवटी ठेवतो. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणार असेल आणि फुलोऱ्यात एखादे संरक्षित पाणी (पीक वाचवण्यापुरती पाळी) द्यायचे असेल तरच खर्च करावा. बोअरचे पाणी उपसून तळे भरणे मला पटत नाही, कारण त्याने गावाचेच भूजल खाली जाते.

या मेअखेरीस चारही एकरांना हात न लावता सर्वांत वरचा एक एकर आखून घ्या, कारण वरचे पाणी थांबल्याशिवाय खालचे बांध टिकत नाहीत.