तळमजल्यावर शहाबादी फरशीवर व्हिनाइल शीट चिकटवायचीय, कुठला गम चांगला?

गमचं सांगतो, पण आधी फरशीचं बोलूया कारण आमचं सगळं तिथेच फसलं होतं.

आईचे गुडघे दुखतात आणि तळमजल्यावरच्या तिच्या खोलीतली शहाबादी पावसाळ्यात फार गार पडते म्हणून आम्ही व्हिनाइल शीट आणली आणि भर जुलैत रबरवाला गम लावून चिकटवून टाकली. दिसायला झकास. गणपती येईपर्यंत जागोजागी फुगे, कडा उचललेल्या आणि एका संध्याकाळी आईचा पाय त्या कडेत अडकला, नशीब भिंत धरली तिने. त्याच रात्री मी सगळी शीट उपटली तर खाली गम लिबलिबीत आणि कुबट वास.

कारण असं की जुन्या घरात शहाबादी मुरूम-चुन्यावर बसवलेली असते, खाली ओल अडवणारं काहीच नाही. जमिनीतली ओल सांध्यांतून वर येते आणि एरवी उडून जाते, वरून व्हिनाइल मारलं की तिला वाटच राहत नाही. त्यात व्हिनाइल मऊ राहावं म्हणून जे प्लास्टिसायझर घातलेलं असतं तेही हळूहळू रबर गममध्ये उतरून त्याला मऊ पाडतं.

म्हणून आधी हे करा, दीड बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारी बाजूंनी टेप मारा आणि 16 तास तरी हलवू नका. आत थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडली तर चिकटवायचा विचार सोडा. आणि ही टेस्ट पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये कोरडी दिसली म्हणजे कोरडी आहे असं नाही. चिकटवायचं काम मात्र उन्हाळ्यात.

कोरडी निघाली तर सांधे सिमेंटच्या लेव्हलिंग कंपाउंडने भरा, नाहीतर प्रत्येक खाच महिनाभरात वर उमटते. भिंतीची पुट्टी नको, ती पायाखाली भुगा होते. तेल, मेण, धूळ सगळं साफ. शीट एक दिवस आधी खोलीत उलगडून ठेवा म्हणजे गुंडाळीचा पीळ जातो. गम फ्लोअरिंगचाच ॲक्रिलिक घ्या, सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल नाही. दातेरी पत्र्याने सारखा पसरवा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग मधून कडेकडे जड रोलर फिरवत हवा काढा.

कारागीर रबरवाल्या गमवरच अडून बसला तर तो फरशीला आणि शीटला दोन्हीकडे लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावं लागतं आणि एकदा टेकली की शीट सरकत नाही. त्याची वाफ पेट घेते हो! गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती सगळं बंद आणि खिडक्या सताड उघड्या, यात अजिबात हयगय नको.

अजून एक, व्हिनाइलवर रबरी बुडाचं पायपुसणं ठेवू नका, पिवळा डाग पडतो तो निघतच नाही.

आईच्या खोलीत मी परत चिकटवली नाही. दसऱ्यानंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती अंथरतो, दाराशी ॲल्युमिनियमची पट्टी, आणि मे संपता संपता गुंडाळून माळ्यावर. पावसाळ्यात ती घरात मऊ स्लीपर घालते. तुमच्या फरशीच्या सांध्यांचा जवळून फोटो टाका, मग किती कंपाउंड लागेल ते सांगता येईल.