साध्या लॅपटॉपवर यानाचा मार्ग आखायला शिकता येतं का? सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं?

भाऊ, तू पारोळ्याला बीएस्सीला आहेस असं लिहिलंय म्हणून 'तू' म्हणतोय. मी अमळनेरचा, मेकॅनिकल केलं आणि आता सॅटेलाइटच्या कक्षा नि बर्न (वेग बदलायला इंजिन थोडा वेळ पेटवणं) आखायचंच काम करतो. तुझा प्रश्न असा, की कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा यानं उडवायचा गेम खेळून गोडी लागली, पण खरं यान पाठवताना मार्ग कसा ठरवतात, ते सॉफ्टवेअर आपल्यासारख्याला मिळतं का, आणि एरोस्पेसची डिग्री नसली तर काही उपयोग आहे का.

मिळतं आणि फुकट मिळतं. नासाच्या गोडार्ड सेंटरचं जीमॅट आहे, जनरल मिशन ॲनालिसिस टूल. नुसतं जीमॅट सर्च केलं तर एमबीएची परीक्षाच येईल, म्हणून पूर्ण नाव टाक. ओपन सोर्स आहे, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि खेळणं नाहीये, टेस नावाच्या नासाच्या दुर्बिणीच्या मार्गाचं काम ह्याच्यावर झालंय. कंपन्यांमध्ये एसटीके नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यातला मार्ग आखायचा भाग, ॲस्ट्रोगेटर, भारी आहे पण लायसन्स महाग, तू त्याच्या मागे लागू नको. कोडिंग आवडत असेल तर जावामध्ये ओरेकिट नावाची कक्षांच्या गणिताची लायब्ररी आहे, तेही फुकट.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला सुरुवातीला कोणी नीट सांगितली नव्हती. सॉफ्टवेअर मार्ग शोधून देत नाही. मार्ग तू आधी कागदावर शोधायचा, सॉफ्टवेअर तो घासून नीट करतं. जीमॅटमध्ये टार्गेट म्हणून कमांड असते, तिच्यात तू सांगतो की हा बर्न कमी-जास्त करून बघ आणि कक्षेचं टोक, म्हणजे पृथ्वीपासून सगळ्यात लांबचा बिंदू, अमुक किलोमीटरवर आण. मग ते काय करतं, तर बर्न अगदी थोडा बदलतं, टोक कितीने हललं ते बघतं, त्यावरून हिशोब लावून पुढची उडी मारतं, परत बघतं, असं करत करत उत्तरावर येतं. पण तू दिलेला पहिला आकडाच जर लई लांबचा असेल, म्हणजे यान मंगळाच्या जवळपासही फिरकत नसेल, तर बर्न जरासा हलवून मंगळाबाबत काय कळणार? काहीच नाही. मग स्क्रीनवर कन्व्हर्ज झालं नाही, म्हणजे उत्तरावर पोचलं नाही, असं येतं आणि पोरं म्हणतात सॉफ्टवेअर खराब आहे.

म्हणून पहिले होमान ट्रान्सफर हाताने कर. वॉल्टर होमान नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९२५ साली पुस्तकात मांडलेली पद्धत आहे, एका गोल कक्षेतून दुसऱ्या गोल कक्षेत दोन बर्नमध्ये जायचं. ३०० किमी उंचीवरून भूस्थिर कक्षेत जायचं धर. खाली वेग साधारण ७.७३ किमी प्रति सेकंद असतो, तो १०.१५ करावा लागतो, म्हणजे पहिला बर्न २.४३ चा. सव्वापाच तासांनी यान ४२,१६४ किमी त्रिज्येवर पोचतं तेव्हा त्याचा वेग फक्त १.६१ उरलेला असतो आणि तिथे टिकायला ३.०७ पाहिजे, म्हणून दुसरा बर्न १.४७ चा. एकूण ३.९ च्या आसपास. ह्याला लागतं काय, तर पृथ्वीचा म्यू, म्हणजे तिच्या ओढीचा ठरलेला आकडा, ३,९८,६०० आणि वेगाचं एक सूत्र, बारावीच्या पोराला जमेल असं. हेच आकडे जीमॅटला दे, दोन-चार फेऱ्यांत उत्तर हातात येतं. त्याच्या गाइडमध्ये सिम्पल ऑर्बिट ट्रान्सफर म्हणून धडा आहे, तो हाच.

हे झालं की मंगळयान घे. माझ्या मते आपल्या पोरांसाठी ह्याच्याएवढा चांगला अभ्यास दुसरा नाही, कारण आकडे सगळे जाहीर आहेत आणि प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. यान निघताना १,३३७ किलोचं, त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन, आणि इंजिन केवढं तर ४४० न्यूटनचं. एवढ्याशा इंजिनाने एका दमात पृथ्वी सोडता येत नाही. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्हीने लांबट कक्षेत सोडलं आणि मग यान दर वेळी पृथ्वीच्या जवळ आलं की बर्न, परत लांब जाणार, परत जवळ आलं की बर्न. जवळ असतानाच का, कारण तिथे वेग सगळ्यात जास्त असतो आणि वेगात असताना तेवढ्याच इंधनाने ऊर्जा जास्त वाढते, ह्याला ओबर्थ इफेक्ट म्हणतात.

११ नोव्हेंबरला काय झालं ते नीट वाच. सेकंदाला १३० मीटर वेग वाढवायचा होता, वाढला फक्त ३५. कक्षेचं टोक एक लाख किमीवर जायचं ते ७८,२७६ वरच राहिलं, कारण इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइल एकदम चालवून बघायची टेस्ट होती आणि तेव्हा इंधनाचा प्रवाह थांबला. दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, जादा बर्न आखून टोक १,१८,६४२ किमीवर नेलं. आता तू विचार कर, एका रात्रीत हे कसं जमतं? यान आत्ता नेमकं कुठे आहे ते ट्रॅकिंगवरून काढायचं, उरलेले बर्न परत वाटायचे, आणि १ डिसेंबरची निघायची वेळ तर हलवता येत नाही, कारण पृथ्वी-मंगळाचा तसा जोग दर २६ महिन्यांनी येतो. ज्वारीत पाखरं राखताना गोफण पाखरू बसलंय तिथे नाही, ते उडून जाणार तिथे मारतात, तसं मंगळ पुढच्या सप्टेंबरमध्ये कुठे असेल तिकडे डिसेंबरमध्ये निघायचं असतं. ही ११ तारखेची परिस्थिती तू जीमॅटमध्ये बसव, ३५ मीटरवर बर्न तोड आणि पुढचं आखून बघ. आठवडा गेला तरी चालेल.

ह्यातच तुला इम्पल्सिव्ह (एका क्षणाचा) आणि फायनाइट (खरोखर वेळ घेणारा) बर्नमधला फरक कळेल. कागदावर आपण धरतो की वेग एका क्षणात बदलला. १ डिसेंबरचा मंगळाकडे नेणारा बर्न २२ मिनिटं चालला, वेग वाढला साधारण ६४८ मीटर. सेकंदाला १० किमीने जाणारं यान २२ मिनिटांत १३ हजार किमी कापतं, तेवढ्यात पृथ्वीच्या ओढीची दिशा कितीतरी बदलते, मग तो एका बिंदूवरचा झटका कसा धरणार? पहिले इम्पल्सिव्हने उत्तर काढ, मग तेच फायनाइटला अंदाज म्हणून दे.

अजून एक, जे धड्यांमध्ये पटकन दिसत नाही. पृथ्वी पोटाशी फुगीर असल्यामुळे कक्षा हळूहळू फिरत राहते, म्हणजे आज जवळचा बिंदू ज्या दिशेला आहे त्या दिशेला तो तीन आठवड्यांनी नसतो, आणि मंगळाकडे निघताना तर तो ठरलेल्या दिशेलाच पाहिजे. त्यासाठी रॉकेटचा चौथा टप्पा उशिरा पेटवावा लागला, तो पॅसिफिकवर पेटणार म्हणून सिग्नल पकडायला नालंदा आणि यमुना अशी दोन जहाजं समुद्रात पाठवली, आणि नालंदा खराब हवामानामुळे फिजीला उशिरा पोचलं म्हणून २८ ऑक्टोबरचं उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेलं. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं, कक्षेतल्या एका कोनासाठी दोन जहाजं समुद्रात.

वेळेचं सांभाळ, इथे पोरं हमखास अडकतात. इस्रोच्या बातम्यांत वेळ आपली असते, सॉफ्टवेअरला यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ पाहिजे, तर १ डिसेंबर रात्री १२:४९ म्हणजे यूटीसीप्रमाणे ३० नोव्हेंबर संध्याकाळचे ७:१९. आणि ग्रहांच्या गणितातली वेळ यूटीसीपेक्षा आज ६९ सेकंदांनी पुढे आहे. ६९ सेकंद म्हणजे काय असं वाटेल, पण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी जाते, दोन हजार किमीची चूक तिथेच झाली. ग्रह कुठे आहेत ते नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स वेबसाइटवर फुकट मिळतं, आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघायची सवय लाव. आणि यान पुढे पळवलं की तिथून परत मागे पळव, निघालं तिथेच आलं नाही तर स्टेप साइज, म्हणजे गणित एका वेळी किती पुढे उडी मारतं ते, कमी कर.

कर्बल सोडू नको, अंगात समज त्यानेच येते. पण त्यात एका वेळी एकाच ग्रहाची ओढ धरतात, म्हणून त्यात लॅग्रांज पॉइंट, म्हणजे दोन गोलांच्या ओढीचा तोल साधणारी जागा, होतच नाही. आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये ज्या हेलो कक्षेत गेलं ती कक्षा सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढीतून तयार होते, मूळ कर्बलमध्ये ती बनवताच येणार नाही, जीमॅटमध्ये येते.

डिग्रीचं स्पष्ट सांगतो. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअरच्या नेहमीच्या भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरचे इंजिनिअर मागतात, तेव्हा बीएस्सीवर तो रस्ता सरळ नाही, पुढे एमएस्सी किंवा एमटेकचा विचार कर. पण हा विषय मुळात गणिताचा आहे, आणि त्याला पुण्या-बंगलोरचाच माणूस लागतो असं मनात आणू नको. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे, १२०७ सालचा, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची त्या-त्या क्षणाची गती काढायचा विचार केलाय, आणि जीमॅट प्रत्येक स्टेपला तेच काढत असतं. कधी गेला नसशील तर जाऊन ये, पारोळ्याहून एका दिवसात होतं.

सुरुवात अशी कर, हाताने होमान, मग सिम्पल ऑर्बिट ट्रान्सफर, मग मंगळाचा बी-प्लेनचा धडा (यान मंगळाच्या नेमकं कुठून जवळून जाणार ते साधायचा). त्या धड्यातलं यान नासाचं मावेन आहे, तेही नोव्हेंबर २०१३ मध्येच निघालं आणि आपल्या यानाच्या दोनच दिवस आधी मंगळावर पोचलं, म्हणून त्याचे आकडे मंगळयानासाठी पहिला अंदाज म्हणून कामाला येतात. जिथे कन्व्हर्ज होणार नाही तिथली स्क्रिप्ट इथेच खाली टाक, स्क्रीनशॉट नको, स्क्रिप्ट टाक, म्हणजे मला चालवून बघता येईल.